दोन भावांचं गहाण

शेटजींनी मला बसायला गादी दिली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कर्जदाराच्या बायकोला पेढीवर कुणी गादी देत नाही. एरवी आम्ही दोघं पायरीशी उभे राहायचो, मुनीम चष्म्यावरून बघायचा आणि "पुढच्या आठवड्यात या" म्हणून वाटेला लावायचा. त्या दिवशी शेटजी स्वतः म्हणाले, "या बेन, वर बसा. अरे, पाणी आणा कोणी." मी काही बसले नाही. ह्यांनी मात्र लगेच मांडी घातली. आमचे हे असेच. कुणी गोड बोललं की ह्यांचं पोट भरलं.

आमचं घर नंदुरबारला, बाजाराच्या रस्त्याला लागून, अगदी कोपऱ्यावर. घर म्हणजे काय, धाब्याचंच, दर उन्हाळ्यात वर माती टाकायची आणि पावसाळ्यात कुठे गळतं ते बघायचं. पण जागा मोक्याची. सासरे दुखण्यात गेले, वर्षाच्या आत नणंदेचे हात पिवळे करावे लागले, तेव्हा दोघा भावांनी मिळून ते शेटजींकडे गहाण ठेवलं. ह्यांनी सही केली, धाकट्या दिराने अंगठा दिला. राहायचं आम्हीच, फक्त वर्षाचा हप्ता भरायचा. हे जीनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर होते. पगार बरा होता, हप्ते जात होते. मग मंदी आली. कापसाला कुणी विचारेना. जीन वर्षातून दोन-तीन महिने चालायची, उरलेले दिवस मालक हात वर करायचा. एक हप्ता चुकला, पुढचाही चुकला, आणि मुनीम व्याजावर व्याज चढवत गेला. शेतकऱ्याला निदान साऱ्यात सूट मिळायची आशा असते. काट्यावरच्या माणसाला कोण काय माफ करणार? घर गेलं असतं तर दोन पोरं, म्हातारी सासू आणि आम्ही दोघं, एवढ्यांनी जायचं कुठे, हे मला रात्रंदिवस खात होतं.

बोलणं मी घरूनच पाठ करून गेले होते, कारण हे तोंड उघडणार नाहीत ते मला ठाऊक होतं. म्हटलं, "शेटजी, हप्ता निम्मा करा, वर्षं वाढवा आणि व्याजावरचं व्याज सोडा. आम्ही पळून जाणारी माणसं नाही." त्यांनी थोडे आढेवेढे घ्यावेत, मी थोडं रडगाणं गावं, मग मधे कुठेतरी तोड निघावी, असा माझा अंदाज. शेटजी म्हणाले, "करू."

एवढंच. मी तर भांडायला कंबर कसून आले होते, आता भांडायचं कुणाशी? मग त्यांनी पानाचा विडा गालात सारला आणि पुढचं सांगितलं. "पण बेन, कागद नवा करावा लागेल. जुन्या कागदावर दोन भाऊ, तर नव्यावरही दोन भाऊ पाहिजेत. दोघांनी रजिस्टर कचेरीत जातीनं उभं राहायचं, साक्षीला तुमचेच दोन भाऊबंद. दिवाळीला मी वह्या बदलतो, त्याच्या आत करून टाका. नाही झालं तर मला कोर्टात जावं लागेल, आणि कोर्ट मला आवडत नाही."

परत येताना हे खूश. "देवमाणूस शे," म्हणाले.

मी म्हटलं, "देवमाणूस कशाला गादी देईल? तुमचा भाऊ कुठे आहे ते आधी सांगा."

धाकटा दीर घरातून निघून गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. तोही जीनमध्येच होता, गठाणी उचलायच्या कामावर. मुकादमाशी त्याचं वाजलं, ह्यांनी मुकादमाची बाजू घेतली, भर ओट्यावर दोघा भावांची जुंपली आणि तो नेसत्या धोतरानिशी निघून गेला तो गेलाच. कुणी सांगायचं सुरतेला गिरणीत आहे, कुणी सांगायचं साधू झाला. सगळ्या नंदुरबारला हे माहीत होतं, मग शेटजींना कसं माहीत नसेल? माझी खात्री पटली. त्यांना आमचा कोपरा हवा होता, कापसाची वखार घालायला. म्हणून त्यांनी नाही म्हटलं नाही. हो म्हणाले आणि अशी अट घातली, जी आमच्या बापजन्मी पुरी होणार नाही. उद्या कोर्टात सांगायला मोकळे, की मी तर तयार होतो, ह्यांचाच भाऊ आला नाही.

हे सुरतेला जाऊन आले. धर्मशाळेत उतरले, गिरण्यांच्या फाटकांवर उभे राहिले, दिसेल त्याला विचारलं. येताना पोरांसाठी तिथली मिठाई, घारी, घेऊन आले, भाऊ काही आणला नाही. हप्त्याला पैसे नव्हते, घारीला होते. त्यावरून आमचं बोलणं झालं ते लिहीत नाही.

सासूबाईंना मी अट सांगितली तेव्हा त्या डाळ निवडत होत्या. मला वाटलं, धाकट्याचं नाव निघालं की रडायला लागतील. तो गेला त्या साली त्या जेवायच्या नाहीत, रडून रडून डोळे सुजवून घ्यायच्या. आता नुसतं "तो कोठे सापडी आते" म्हणाल्या आणि सुपातला खडा शोधत राहिल्या. बाईचं घर चाललंय, मुलाचा पत्ता नाही, आणि हात इतका शांत? ते काही मला बरं वाटलं नाही.

तसं त्यांच्याबद्दल माझ्या मनात आधीपासून एक होतंच. बाजाराच्या दिवशी डोंगराकडची एक बाई सुपं-टोपल्या विकायला यायची. सासूबाई तिच्याजवळ बसायच्या, बराच वेळ डोक्याला डोकं लावून बोलायच्या आणि येताना एक सूप नाहीतर टोपली घेऊन यायच्या. आमच्या घरात दाणे कमी आणि सुपं जास्त झाली होती. मी मनात धरलं होतं, की म्हातारी तिला घरातली ज्वारी देते आणि बदल्यात हे घेते. कोठीवर मी खूण करून ठेवायची. ज्वारी कधी कमी झाली नाही, तरी माझा संशय काही गेला नाही. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही.

मग श्रावण आला आणि कानबाईचे दिवस आले. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्या दिवशीचा रोट, म्हणजे पुरणाच्या पोळ्यांचा नैवेद्य, फक्त घरचे आणि भाऊबंद खातात. दिल्या घरच्या लेकीलासुद्धा त्यातला घास द्यायचा नाही. आणि त्या रोटाचे गहू मोजायची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. पाळण्यातलं पोर असो नाहीतर काठी टेकणारा म्हातारा, जिवंत आहे त्याची मूठ पडलीच पाहिजे. परगावी असला तरी पडते. मेल्याची पडता कामा नये. ह्यात कमीजास्त झालं तर आई कोपते, घरातला माणूस उचलते, असा धाक. नवऱ्याला फसवणाऱ्या, सासूला फसवणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या, पण ह्या मुठीत लबाडी करणारी एकही पाहिली नाही.

आमच्याकडे मूठ सासूबाई घालायच्या. न्हाऊन, ओल्या केसांनी, नव्या सुपात. भाऊबंदांच्या बायका भोवती बसलेल्या. ह्यांची मूठ, माझ्या दोन्ही मुलांच्या दोन, आणि निघून गेलेल्या दिराची एक, अशा चार दर वर्षी पडायच्या. दिराची मूठ घालताना त्या थोड्या थांबायच्या, सगळ्या जणी उसासा टाकायच्या, हेही ठरलेलं. त्या वर्षी चौथी पडली. मी सूप उचलायला हात पुढे केला. सासूबाईंनी माझा हात मागे सारला आणि आणखी एक मूठ घातली, वर पाव मूठ घातली. ओठ हलले, नाव काही ऐकू आलं नाही.

चुलतसासूबाईंची नजर घारीसारखी. "मोजामा चुकनी का वं तू?"

"नही. बराबर शे," सासूबाई म्हणाल्या आणि पदराने हात पुसले.

आता खरं सांगते, माझं डोकं आधी कुठे गेलं असेल? ह्यांच्यावर गेलं. हा पाचवा पुरुष आमच्या घरात आला कुठून? ह्यांनीच कुठेतरी दुसरा संसार थाटला असणार, तिथे पोरगा असणार, आणि आईला तेवढं सांगितलं असणार. सुरतेला चार दिवस कशाला लागतात भाऊ शोधायला? घारी कुणी दिली? सगळं कसं जुळून आलं. सुतावरून स्वर्ग गाठायला मला वेळ लागत नाही. घरात देवी बसलेली म्हणून मी त्या दिवशी ओरडले नाही, पण ह्यांच्या ताटात पोळी वाढली ती आपटून वाढली. रात्री जागरणाला बायका गाणी म्हणत होत्या आणि मी ह्यांना परसात गाठून विचारत होते, की तिचं गाव कोणतं.

"तुन्हं डोकं ठिकानवर शे का?" हे म्हणाले. माझ्याशी बोलताना हे खूश असोत की रागावलेले, अहिराणीच. "मायले इचार. मूठ तिनी टाकी, मी नही."

त्यांचा चेहरा इतका भाबडा होता, की मला माझीच लाज वाटली. पण माझ्या मनातून संशय निघाला तो कुठेतरी बसायला जागा शोधणारच. तो सासूबाईंच्या पायाशी जाऊन बसला.

सोमवारी सकाळी नदीवर कानबाईचं विसर्जन झालं. बायका पुढे निघाल्या. सासूबाई दगडावर बसून पाय धूत होत्या. मी त्यांच्या समोर उभी राहिले. म्हटलं, "आत्याबाई, तो पाचवा कोण?"

त्यांनी दुसरा पाय धुतला. मग म्हणाल्या, "धाकलाना पोऱ्या."

मग त्यांनी एकेक सांगितलं, हातातली वहाण उलटीसुलटी करत. धाकटा सुरतेला कधी गेलाच नव्हता. तो इथेच, आगगाडीने दोन-अडीच तासांवर, चिंचपाड्याच्या पुढे लाकडाच्या वखारीवर होता. तिथल्या एका ख्रिस्ती घरातल्या मुलीशी त्याने लग्न केलं होतं. मुलगा चारेक वर्षांचा. सुपं विकणारी ती बाई त्याच गावची. निरोप तीच आणायची. आतापर्यंत त्या नातवाची मूठ देवीसमोर घातली नव्हती, आणि मागच्या हिवाळ्यात पोर तापाने मरता मरता वाचलं. ती चूक परत करायची त्यांची छाती झाली नाही.

काखेत कळसा आणि आम्ही सुरतेला वळसा घालत होतो. मला असा संताप आला. "घर चाललंय आपलं," मी म्हटलं, "आणि तुम्ही डाळ निवडत बसलात? हे उन्हातान्हात गिरण्या धुंडाळत होते तेव्हा तुम्हाला सांगवलं नाही? आम्हाला सगळ्यांना खोटं सांगितलंत?"

"देवीले खोटं सांगता येत नही," त्या म्हणाल्या. "तुमले येस."

त्यांना भीती होती ती ह्यांची. ख्रिस्ती बायको केली हे कळलं तर मोठा जाऊन धाकट्याला मारेल. आणि भाऊबंदांना कळलं तर ते आम्हालाच वाळीत टाकतील. मी घराचं परत काढलं तेव्हा म्हणाल्या, "घर गयं ते भाडाना घरमा ऱ्हासूत. पोऱ्या गया ते दुसरा कोठून आनू?" मी तिथे नदीवर रडले. रागानेच रडले, दुसरं काही नाही.

ह्यांना मी त्याच दिवशी, जेवण झाल्यावर सांगितलं. हे उठले, अंगणात गेले, परत आले. भावाचं तोंड बघणार नाही म्हणाले. मग थोड्या वेळाने विचारलं, की तो दिवाळीच्या आत येईल का. तेव्हा ठरलं, की सासूबाई आणि मी जायचं. शेजारी सांगितलं, माझ्या माहेरी आजारपण आहे.

चिंचपाड्याला उतरलो तर माझ्या पुढे सासूबाई भराभर चालायला लागल्या. रुळाच्या डाव्या हाताने, सागाच्या ओंडक्यांची वखार मागे टाकून, ओढा ओलांडून, मोहाच्या झाडाशी उजवीकडे. एकदाही कुणाला विचारलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही इथे आधी आलेल्या आहात."

"नही," म्हणाल्या.

"मग वाट कशी माहीत?"

"तिले दर बाजारले इचारत जाऊ," त्या म्हणाल्या. त्या सुपंवालीला. बाजाराच्या दिवशी डोक्याला डोकं लावून हेच चालायचं, वाट कुठून, ओढा कुठे, दार कोणत्या बाजूला. माझा विश्वास बसला नाही. पण दारात पोचल्यावर बसला, कारण ते पोरगं बाहेर आलं आणि त्याने आजीला ओळखलं नाही. आईच्या मागे जाऊन लपलं.

घर बांबूच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं, माझ्या घरापेक्षा स्वच्छ, हेही मला खटकलं. भिंतीवर लाकडाचा छोटा क्रूस. दीर जाडजूड झाला होता. त्याची बायको काळीसावळी, उंच, तिची बोली मला अर्धीच कळायची. तिने पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला. मी म्हटलं, मला उपास आहे, पाणीही चालत नाही.

"आज कसाना उपास, वहिनी?" दिराने विचारलं.

"नवस केलाय. घरासाठी," मी म्हणाले. त्याला सगळं कळलं. सासूबाईंनीही तांब्याला हात लावला नाही. त्या नुसत्या पोराकडे बघत होत्या.

मी शेटजींचं बोलणं सांगितलं. दीर ऐकत होता, पण डोळे बारीक करून. संशय काही माझ्याच एकटीची मिरास नव्हती. "शेटनी काय लालूच दिधी तुमले?" त्याने विचारलं. "दादाले घर इकनं शे का? मन्हा अंगठा लेवाना आनि मन्हं नाव काढी टाकानं, असं ते नही ना?"

मी मुलांच्या डोक्याची शपथ घेतली. त्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठे त्याला पटलं. म्हणाला, येतो. मी थांबून राहिले. आता हिस्सा मागेल, निम्मं घर मागेल, निदान गाडीचं भाडं तरी मागेल. शेवटी मीच विचारलं, "तुला काय पाहिजे?"

"काही नही."

हे ऐकून मी जास्तच घाबरले. माणूस काही मागत नाही म्हणजे त्याला फार मोठं काहीतरी मागायचं असतं. तेवढ्यात त्याची बायको त्याच्याशी तिच्या बोलीत काही बोलली. मी लगेच विचारलं, काय म्हणते. तो म्हणाला, "ती सांगस, आम्ही तिन्ही येसूत. पोऱ्याले बापनं घर दाखाडनं शे." मला त्यात काही छक्कापंजा सापडला नाही, पण परतीच्या गाडीत मी तोच विचार करत राहिले.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ते आले. रजिस्टर कचेरीच्या दारात शेटजी मुनिमाबरोबर उभे होते. धाकट्याला पाहिल्यावर त्यांचं पान चघळणं थांबलं. त्यांचा चेहरा मी नीट बघून घेतला. त्या चेहऱ्यावर निराशा होती की नवल होतं, ते मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. "लावलात शोध, बेन," एवढंच म्हणाले आणि आत गेले. मोडता घालतील, अट वाढवतील, कागदात काहीतरी घुसडतील, म्हणून मी कारकुनाला सगळं मोठ्याने वाचायला लावलं, आणि वाचून झाल्यावर परत वाचायला लावलं. तो वैतागला. कागदात कबूल केल्याप्रमाणेच होतं. हप्ता निम्मा, मुदत वाढीव, व्याजावर व्याज नाही. ह्यांनी सही केली, दिराने अंगठा दिला. आमच्या दोघा चुलत भाऊबंदांनी साक्षी घातल्या. दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे होते, पण एकमेकांशी बोलले नाहीत. शेटजींनी शब्द पाळला. हा माणूस मला शेवटपर्यंत कळला नाही.

आम्ही घरी आलो तर दिराची बायको आणि मुलगा ओट्यावर बसलेले. आम्ही कचेरीत गेलो तेव्हापासून तिथेच, उन्हात. समोरच्या ओट्यावर साक्षी घालून आलेले भाऊबंद टेकले आणि बघत राहिले. त्यांना लग्नाचं कळून चुकलं होतं. तिला तहान लागली होती. मी तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, पोराच्या ओंजळीतही ओतलं. भाकरी पळसाच्या पानावर दिली. तेव्हा सगळे तसंच करत. हे दिराला म्हणाले, "तू घरमा ये." पहिल्यांदाच बोलले. तो बायकोशेजारी ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "आठेच बरं शे." ह्यांनी आग्रह केला नाही.

मी आत चूल पेटवायला गेले. मनावरचा धोंडा उतरला होता. धाब्याकडे बघितलं, भिंतींकडे बघितलं. आता निदान माझी पोरं मोठी होईपर्यंत कुणी आम्हाला बाहेर काढणार नव्हतं. मला मोठ्याने हसावंसं वाटत होतं. मागे वळले तर सासूबाई गाठोडं बांधत होत्या.

"हे काय?" मी म्हटलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. मी पुढे झाले आणि गाठोडं सोडून पाहिलं. हो, सोडून पाहिलं. घरातलं काही नेतात का ते बघितलं. दोन लुगडी होती, एक चोळी, तपकिरीची डबी. बाकी काही नव्हतं. त्यांनी ते माझ्या हातून घेतलं आणि परत बांधलं.

हे आत आले. त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा खाली बसले आणि आईचे पाय धरले. तू त्या घरी जाशील, त्या बाईच्या हातचं खाशील, मग भाऊबंद तुला परत ह्या दारात पाय ठेवू देणार नाहीत, असं सांगितलं. तू मेल्यावर खांदा द्यायलाही मी येऊ शकणार नाही, असंही सांगितलं. हे रडत होते.

"मले माहित शे," सासूबाई म्हणाल्या. "म्हनीसनच कागद व्हयेपावत थांबनू."

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या आधीच निघून गेल्या असत्या, तर आमच्यावर तेव्हाच बहिष्कार पडला असता, आणि कागदावर साक्ष घालायला एकही भाऊबंद उभा राहिला नसता. आमचं घर पक्कं होईपर्यंत त्या थांबल्या होत्या. किती वर्षं त्यांना जायचं होतं, मी विचारलं नाही. मी शेटजींवर संशय घेतला, नवऱ्यावर घेतला, दिरावर, सुपंवालीवर घेतला. म्हातारी आपलं घर सोडून जाईल, हे माझ्या मनाला शिवलंही नव्हतं.

मी तरी विचारलंच, "त्याने तुम्हाला काय कबूल केलंय?"

"काहीच नही," त्या म्हणाल्या. "तो ते नको येऊ म्हनस."

हे बसल्या जागेवरून उठले नाहीत. गाठोडं मी घेतलं. का घेतलं सांगता येत नाही, हात पुढे झाले एवढंच. ओट्यावरून खाली उतरलो. दीर मुलाला खांद्यावर घेऊन पुढे निघाला होता. समोरच्या ओट्यावरचे भाऊबंद माझ्या हातांकडे बघत होते. घराच्या कोपऱ्याशी दिराची बायको उभी होती. मी तिच्यासमोर गेले आणि गाठोडं पुढे केलं. तिने हात पुढे केला नाही. तिने समोरच्या ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बोटाने जमीन दाखवली. मी गाठोडं खाली ठेवलं. मी दोन पावलं मागे सरेपर्यंत ती थांबली. मग तिने ते उचलून डोक्यावर घेतलं, आणि दुसऱ्या हाताने सासूबाईंचा हात धरला.